पुसलेला डाग आणि विश्वंभररावांची शिट्टी

विश्वंभरराव पाठक तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत त्यांना कळून चुकलं, की जगात आता आपलं कुणी ऐकत नाही. कचेरीत त्यांनी "हा कागद चालणार नाही" म्हटलं की माणूस आल्या पावली परत जायचा. घरात "भाजी अळणी आहे" म्हटलं तर पत्नी सरलाबाई मिठाची बरणी पुढं सरकवायच्या आणि टीव्हीकडं तोंड फिरवायच्या. माणूस आतून खंगत चालला होता, खोटं कशाला सांगा.

अशात त्यांचा पुतण्या रविंद्र पुण्याची नोकरी सोडून गावी, डोंगरकड्याला, परत आला आणि त्याने घरच्या पडीक रानात पेंटबॉलचं मैदान काढलं. हळद शिजवायचे गळके ड्रम आडवेउभे मांडले, भुसा भरलेली पोती रचली, चारी बाजूंनी जाळी लावली. खेळ असा, की पाच-पाच गड्यांचे दोन संघ आणि मधोमध एक झेंडा. तो उचलून समोरच्यांच्या हद्दीत नेऊन रोवायचा. हातात हवेच्या दाबावर चालणारं यंत्र, त्यातून रंगाच्या गोळ्या सुटतात. गोळी अंगावर फुटली की गडी बाद. रंग निळा ठेवला होता, कारण हळदीच्या दिवसांत पिवळा डाग गावात कुणाच्या अंगावर नसतो?

पंच हवा होता. रविंद्रने नियमांची बत्तीस पानं काकांच्या हातात ठेवली. तीन दिवसांत विश्वंभररावांनी ती पाठ केली, वर चौदाव्या पानावरची टायपिंगची चूकही काढली. गळ्यात शिट्टी आली आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. यंत्राला कुणी बंदूक म्हटलं की ते त्याला जागच्या जागी थांबवायचे. "बंदूक नाही. मार्कर. आणि आधी नळीवर टोपडं घाल." मैदानात मास्क काढला, बाहेर. बाद झाल्यावर तोंड उघडलं, दंड. धिप्पाड गडी हात वर करून मुकाट चालू लागायचे. विश्वंभरराव त्या दिवसांत एक भाकरी जास्त खायचे.

गावाला मात्र हे काही पचेना. पाठकांच्या रानात फौज तयार होतेय, अशी बातमी पार पलीकडच्या हट्टा गावापर्यंत पोचली. कुणाची म्हैस आटली, ती मैदानामुळं. कुणाच्या लेकाची सोयरीक मोडली, तीही मैदानामुळं. लेक दिवसाढवळ्या प्यायचा, ही गोष्ट बाजूलाच राहिली. तांड्याचे धर्मसिंग नाईक तर पंचायतीत उभे राहून म्हणाले, "आज रंगाची गोळी हाय, उद्या कशाची आसंल? लेकरं बिघडून राहिली. बंद करा ते."

सरपंच संगिताताई शहाण्या. त्या म्हणाल्या, "बघितल्याबिगर कसं बंद करावं? रविवारी ग्रामसभा मैदानावरच घेऊ. हट्ट्याचा संघ बोलवा. खेळ बघू, मग मैदान चालू ठेवायच्या ठरावाला हात वर करू. अन् आपल्या संघात दोन बाया पायजेत. बायांचा खेळ न्हाई, आसं उद्या कुणी म्हनाया नको."

विश्वंभररावांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. ठराव पडला की मैदान जाणार, मैदानासोबत शिट्टी जाणार, आणि पुन्हा आपण अन् मिठाची बरणी.

पहिली बाई चटकन मिळाली. चंदाबाई, धर्मसिंग नाईकांचीच बायको. "घरात विचारलंय ना?" रविंद्रने भीत भीत विचारलं.

"कोनाला?" चंदाबाई म्हणाल्या.

दुसरी काही मिळेना. शेवटी सरलाबाईंनी नवऱ्याचा कचेरीतला पांढरा शर्ट साडीवर चढवला, सोयाबीन काढताना बाया चढवतात तसा, आणि मास्क लावून उभ्या राहिल्या.

रविवारी हट्ट्याचा संघ टेम्पोतून उतरला. चारशे माणूस जाळीला चिकटलं. धर्मसिंग हाताची घडी घालून सगळ्यांत पुढं, तोंड वाकडं करून.

पाच मिनिटांत डोंगरकड्याचे तिघे बाद झाले, त्यात रविंद्र पहिला. उरल्या दोघी बाया, आणि हट्ट्याचेही दोघेच. चंदाबाई एका ड्रममागून दुसऱ्या ड्रममागं सरकत गेल्या आणि त्यांनी झेंडा उचलला. धर्मसिंगांच्या हाताची घडी सुटली.

"वाकून! वाकून पळ!" ते ओरडले. "डाव्या अंगाला एक हाय बग!"

सगळं गाव चंदाबाईंकडं बघत होतं. एवढ्यात इकडं पोत्यांआड बसलेल्या सरलाबाईंच्या बाहीवर टप्पकन गोळी फुटली. मारणाऱ्याने तेवढ्यात डोकं खाली घेतलं होतं, त्यालाही कळलं नाही. आता नियम सांगतो, हात वर करा आणि बाहेर या. पण सरलाबाईंना दिसला तो पांढऱ्या शर्टावरचा डाग. तो शर्ट त्यांनी बावीस वर्षं हाताने धुतला होता. त्यांचा हात आपोआप पदराकडं गेला. टोक ओढलं आणि डाग खसाखसा पुसून काढला. तोंडावर मास्क होता म्हणून थुंकी लावता आली नाही, एवढंच. मग मार्कर उचलून त्या निवांत पुढं खेळू लागल्या.

पान एकोणीस. पुसणारा बाद, आणि पुसल्याच्या दंडापोटी त्याच्या संघाचा आणखी एक गडी बाद. तो गडी म्हणजे चंदाबाई, आणि त्यांना आता तीन पावलं उरली होती. विश्वंभररावांनी शिट्टी तोंडाला लावली. वाजवावी तर गाव हरतंय, आणि हरलेलं गाव कशाला ठराव पास करील? न वाजवावी तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि शिट्टी वाजवली.

असा गोंधळ उडाला की विचारू नका. हट्ट्याचे जिंकले, पण का जिंकले हे त्यांनाही समजेना. धर्मसिंग जाळीखालून आत घुसले. "कुटं लिवलंय? दाखवा!"

विश्वंभररावांनी पान दाखवलं. धर्मसिंगांनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं. "बराबर हाय," ते दातओठ खात म्हणाले आणि सरपंचांकडं वळले. "ताई, फुडल्या रविवारी परत सामना पायजे. हट्ट्यावाले आसे जिंकून गेले तर मला अन्न गोड लागायचं न्हाई."

"अन् मैदान बंद करायचं म्हनत होते त्याचं?"

"मैदान बंद केल्यावर सामना काय माझ्या शेतातल्या आखाड्यावर घेता?"

चारशे हात वर झाले. हट्ट्याच्या गड्यांनीही केले, त्यांना मत नसताना.

विश्वंभरराव तोवर लिंबाखाली पोचले होते. सरलाबाई मांडीवर मास्क घेऊन बसल्या होत्या. साहेबाच्या टेबलासमोर उभं राहावं तसे ते समोर उभे राहिले.

"मी पुसलं ते कुणी बघितलं होतं?"

"कुणी नाही. मी बघितलं."

"सगळं गाव झेंड्याकडं बघून राहिलं होतं. तुमी काहून नाही बघितलं तिकडं?"

विश्वंभरराव शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "तुला लागेल बिगेल म्हणून," ते कसंबसं म्हणाले. "सबंध वेळ तुझ्याकडंच लक्ष होतं."

सरलाबाईंनी मांडीवरचा मास्क खाली ठेवला. मग बाजूला सरकून त्यांनी नवऱ्याला बसायला जागा केली.

"म्हणजे बाकीच्या नऊ जणांकडं कुणीच बघत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "हे बाहेर कुठं बोलू नका. शिट्टी काढून घेतील तुमची."