कानबाईचा ट्रेलर

"पहिले मी बठसू," असं म्हणत आबा धोतर आवरून ट्रेलरमध्ये चढायचे, मागच्या फळीला टेकून बसायचे आणि गमछ्याचं टोक दातांत धरायचे. मग डोळे घट्ट मिटून मला हातानं खूण करायचे, गाडी चालाड.

तुम्ही म्हणाल, माणसाला एवढी भीती वाटते तर त्यानं बसावं कशाला? आमच्या गल्लीलाही हेच कोडं होतं. आबांइतका भित्रा माणूस आमच्या तापीकाठच्या गावात दुसरा नव्हता. वीज कडाडली की ते खाटेवर पाय वर घेऊन बसत. आणि नेमक्या याच माणसाच्या दारात लष्कराची जुनी जीप उभी होती. हिरवी, बिनदरवाज्यांची, त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली. ती चालवायला ते मला हाक मारत, कारण माझा जन्म बस चालवण्यात गेला.

हे सगळं चाललं होतं ते वहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. एका लग्नाला जाताना वऱ्हाडाची ट्रॉली उलटली आणि वहिनींचा पाय कायमचा ताठ झाला. त्याआधी श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, नदीवर विसर्जनाला उठली की तिचा चौरंग डोक्यावर घेऊन वहिनी सगळ्यांच्या पुढे, आणि गाणं उचलायचं तेही त्यांनीच. पाय गेल्यावर त्या ओट्यावरून हात जोडत आणि आत जात. गाणं पार बंद.

पाय वाकत नसल्यानं जीपच्या सीटवर त्यांना बसता येईना. पाय पसरून बसायला मागं काहीतरी जोडायलाच हवं होतं. पण ट्रॉलीचं नाव काढलं की त्या मान फिरवत. "मी बठाव नई," एवढंच म्हणत. आबांनी मनाशी धरलं होतं की एकदा तरी ही कानबाईबरोबर नदीवर गेली पाहिजे.

पहिल्यांदा पुतण्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली आणली. शेळीमागं रेडा बांधावा तसा जीपमागं तो अवजड डोलारा. वाळूची पोती भरली, आबा चढले. नदीचा उतार लागला, मी ब्रेक दाबला, जीप थांबायला तयार, पण ट्रॉली थांबेना. ती जीपला मागून ढकलतच होती. समोर पाणी दिसत होतं. घाटात वर्षानुवर्षं बस चालवलेला मी, पण त्या दिवशी स्टिअरिंग बाजूला वळवण्यापलीकडं मला काही सुचेना. शेवटी वाळूच्या ढिगात नाक खुपसून जीप थांबली. आबा उतरले आणि तिथंच वाळूत बसले.

"हाई नई, भाऊ," ते म्हणाले.

मग वेल्डरनं बनवलेला हलका ट्रेलर पाहिला. तो प्रत्येक खड्ड्यात बकरीसारखा उडायचा. "हाई बी नई." मी वैतागून म्हणालो, "आबा, सोयरीक जमाडी ऱ्हायनात का?" ते हसलेसुद्धा नाहीत.

अखेर नंदुरबारला एका भंगारवाल्याकडे जीपच्याच जातीचा दोनचाकी ट्रेलर सापडला. बुटका, चाकं जीपच्याच मापाची, दांडा बरोबर जीपच्या हुकाला भिडणारा, आणि पुढच्या अंगाला स्वतःचा हातब्रेक. त्यात शेळ्या पाणी पीत होत्या. आबांनी तो धुतला, रंगवला, पोती भरून मला उतारावरून इतक्या वेळा न्यायला लावला की गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. दर वेळी आबा आत, दातांत गमछा. वहिनी ओट्यावरून ते बघत. एक दिवस त्या म्हणाल्या, "बठसू."

कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी चौरंग ट्रेलरमध्ये पुढे ठेवला. वहिनी मागं बसल्या, आबा शेजारी. ते बघून गल्लीतल्या म्हाताऱ्या एकेक करून चढल्या. त्या दिवशी कुणाला नको म्हणतात का?

पण आईपुढं, कानबाईपुढं, पसरून कोण बसणार? सगळ्या अदबीनं मागच्या फळीशी दाटीवाटीनं बसल्या, पुढं एकटी कानबाई. पोती आम्ही सगळीकडं सारखी पसरली होती; पोत्यांना अदब नसते, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. उतार लागला. मागचं वजन ट्रेलरचा दांडा वर उचलत होतं, त्याबरोबर जीपची मागची बाजूही उचलली जात होती. ब्रेक दाबला तर चाकं नुसती घसरू लागली. उतारावर पुढं बायापोरं चालत होती. मी ओरडलो, "आबा, पुढे! वजन पुढे ल्या!"

आबांनी डोळे उघडले. रांगत ते पुढच्या फळीशी आले, खाली वाकून हातब्रेक ओढला आणि ओरडले, "पुढे सरका! आईजोडे बठा, चिकटी बठा!"

"आईले पाय लागी!" एक म्हातारी किंचाळली. कुणी हलेना.

तेव्हा वहिनी सरकल्या. ताठ पाय फरफटत, रडत, त्यांनी कानबाईचा चौरंग उचलून मांडीवर घेतला. मग बाकीच्याही आल्या. जीपची मागची चाकं जमिनीला टेकली, तशी गाडी थबकली. पुढच्या बाया अगदी दहा हातांवर होत्या.

 मी खाली उतरून चाकांपुढं दगड लावले. मग मागून गाणं ऐकू आलं. आवाज घोगरा, फाटका, पण वहिनींचाच. आबा तोंडावर गमछा धरून ढसाढसा रडले.

त्यानंतर काही श्रावण असेच गेले. गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून आबा खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. कशाची भीती वाटायला त्यांना वेळच मिळाला नाही, असं मी मनाची समजूत घालतो.

यंदा कानबाईच्या आदल्या दिवशी मी ट्रेलर जोडला. वहिनी काठी टेकत अंगणात आल्या.

"थांब भाऊ. तुना आबा पहिले बठेत. आज कोन बठनं?"

"मी रिकामा लई जासू, वहिनी."

"रिकामा काय सांगी?" काठी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "पहिले मी बठसू."

मी त्यांना हात देऊन चढवलं. उतारावर मी गिअर उतरवून जीप हळू घेतली. आरशात पाहिलं. वहिनी मागच्या फळीला टेकून बसल्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले, आणि दातांत आबांचा गमछा.