फळ्यावर येईपर्यंत

जगात दोनच प्राण्यांना एका जागी बसवत नाही. एक ओहोटीला वाळूवर सैरावैरा पळणारी कुर्ली आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. त्यातही कुर्ली निदान बिळात तरी शिरते, मामांना बीळच नव्हतं. चहा ते उभ्याने प्यायचे, पेपर येरझाऱ्या घालत वाचायचे, आणि दाढी अर्धी झाली की साबणाच्या गालानेच अंगणात येऊन "वारो फिरलो काय रे?" असं रस्त्यावरच्या कुणालाही विचारून परत आत जायचे. मालवणच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात ते मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी होते. ऑफिसात त्यांची म्हणून एक खुर्ची होती. तिच्यावर दरवर्षी सोसायटीची मांजर व्यायची, आणि मामांची त्याला कधीच हरकत नसायची.

मी घाटावरचा. अठ्ठ्याण्णव साली ओरोसच्या सरकारी कचेरीत बदलून आलो आणि वर्षभरात इथलाच जावई झालो. लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी माझी चौकशी केली होती, पण मामांचा विश्वास चौकशीवर नव्हता, स्वतःच्या डोळ्यांवर होता. एके दिवशी ते एसटीने ओरोसला आले आणि थेट माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "तुमची खुर्ची खंयची?" मी म्हटलं, ही काय. "उठा." आयला, मी उठलो की हो! त्यांनी खुर्ची हलवून पाहिली, मग शिपायाला बाजूला घेऊन विचारलं, "हे हयसरच बसतत मां? रोज?" आणि गावी जाऊन अहवाल दिला, "खुर्ची आसा. माणूस तिच्यार बसता. सोभावाचा माका म्हायत नाय." एवढ्या शिफारशीवर माझं लग्न झालं.

कुणीही काहीही सांगो, मामांचे तीन प्रश्न ठरलेले. तू बघलंस? कोणी सांगल्यान? कितक्या वाजता? शेजारची बाई बाळंत झाल्याची बातमी मी उत्साहाने सांगितली, तेव्हाही हेच तीन प्रश्न आले आणि पहिल्याच प्रश्नाला मी लाजून गप्प बसलो. पण यात नुसता चक्रमपणा नव्हता हे मला हळूहळू कळलं. किनाऱ्यावरच्या गावात निम्मी माणसं कायम नजरेआड, पाण्यावर. त्यांचं काय चाललंय ते घरच्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही तिथे माणूस बोलतो. देवगडला कुणी शिंकलं तर बातमी आमच्या गावात येईपर्यंत लोक त्याला स्मशानात पोचवून आलेले असत. म्हणून मामांनी सोसायटीच्या दारात एक फळा टांगला होता. त्यावर जे लिहायचं ते स्वतःच्या हाताने, पुढे वेळ घालून. बोलायचे मालवणीत, पण लिहायचे मात्र कचेरीतलं शुद्ध मराठी. आणि त्या फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य असं, "याबाबत अजून माहीत नाही. चार वाजता पुन्हा लिहीन." चार वाजता ते यायचे आणि लिहायचे, "अजूनही माहीत नाही." मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, माहीत नाही हे कशाला लिहायचं? गप्प बसावं." तर म्हणाले, "आमी गप रवलंव तर लोक गप रवतले काय?"

एकदा बर्फाची भानगड झाली. सोसायटीच्या बर्फात कारखान्यातला गॅस उतरलाय अशी आवई उठली आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. इकडे सुरमईचे ढीग पडून. मामा कारखान्यात जाऊन स्वतः सगळे नळ बघून आले, फळ्यावर तसं लिहिलं, आणि तेवढ्याने कुणाचं समाधान होईना म्हणून लिलावाच्या जागी भर गर्दीत बर्फाचा खडा चोखत उभे राहिले. सकाळी सात ते अकरा. लोक बघत होते, मामा चोखत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज पार बसला. झालं! बर्फाने सेक्रेटरीची वाचा गेली ही नवी बातमी दुपारपर्यंत मालवणच्या बाजारात पोचली. मी कपाळाला हात लावला. मामांनी तापल्या अंगाने उठून फळ्यावर लिहिलं, "सेक्रेटरीस सर्दी झाली आहे. बर्फ फार चोखल्याने झाली. बर्फात विष नाही." तिसऱ्या दिवशी गाड्या आल्या. एक व्यापारी मला म्हणाला, जो माणूस स्वतःची सर्दी लपवत नाही तो बर्फाबद्दल कशाला खोटं लिहील? सोसायटीचे चेअरमन मात्र चिडले होते. त्यांचं म्हणणं, सर्दीचं लिहायची काय गरज होती. चेअरमन माणूस चांगला, पण त्यांचा सगळा ओढा लोकांना बरं वाटेल ते सांगण्याकडे.

मग दोन हजार पाचच्या सुमाराला, दिवाळीच्या तोंडावर, अवचित वादळ आलं. गावच्या सात होड्या बाहेर होत्या. सहा कशाबशा परतल्या, सातवी आली नाही. तिच्यावर तांडेल धरून पाच माणसं, आणि तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, मामांचा सख्खा धाकटा भाऊ. मी सुट्टी काढून गेलो. मामा धक्का ते फळा, फळा ते धक्का नुसते फिरत होते, दर तासाला लिहीत होते, "होडी आलेली नाही. बातमी नाही." अक्षर नेहमीसारखंच, किरटं आणि सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या होडीच्या जाळ्याचे बोये वाळूवर लागले. बोये म्हणजे जाळं पाण्यावर धरून ठेवणारे तरंगते गोळे. प्रत्येक होडी आपल्या खुणेच्या रंगात ते रंगवते, आणि हे हिरवे-पिवळे होते. संपलंच मग. गाव किनाऱ्यावरून सरळ तांडेलाच्या घरी गेलं, बायकांनी गळा काढला, आणि कुणीतरी म्हाताऱ्या बाईने तांडेलाच्या बायकोच्या, म्हणजे सगळं गाव ज्यांना वहिनी म्हणायचं त्यांच्या, कपाळाकडे हात नेला. तेवढ्यात मामा पोचले. हातात बोयांची दोरी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "हात मागे घे गो! फळ्यार मी लिवीपर्यंत हिचा कुकू कोणी पुसूचा नाय!" मग दोरीचं टोक सगळ्यांपुढे धरलं. "बघा. तुटलेली नाय, सुरयेन कापलेली आसा." वादळात होडी वाचवायला जाळं कापून सोडून देतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भीतीने सगळेच विसरले होते.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे जिते आसत, भावोजी?" सगळं घर मामांच्या तोंडाकडे बघत होतं. हो म्हणायला काय जात होतं? माझ्या तर ओठांवर आलं होतं. मामा म्हणाले, "जाळां कापलांनी तेवा जिते होते. मगे काय झाला ता माका म्हायत नाय." आणि निघून गेले, आणि फळ्यावर अगदी तेच लिहिलं. चेअरमन मागोमाग आले. "अहो, सर्व सुखरूप असल्याचे समजते, असं लिवा. लोकांका धीर येयत." मामांनी खडू त्यांच्यापुढे धरला. "तुमी लिवा. खाली सही करा, वेळ घाला." चेअरमननी खडू घेतला नाही.

आता माझं पाप सांगतो. संध्याकाळी मी ओरोसला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत देवगडकडचा एकजण म्हणाला की विजयदुर्गला आपल्याकडची हिरवी-पिवळी होडी लागलीय. माझा आनंद गगनात मावेना. सोसायटीसमोरच्या दुकानात फोन होता, तो फिरवला आणि ओरडलो, "होडी सापडली! सगळे आले!" सगळे हे मला कुणीही सांगितलं नव्हतं, ते मी आनंदात माझ्या पदरचं घातलं. दुकानदाराने ते तस्सं रस्त्यावर ओरडून सांगितलं. मग फोनवर मामा आले. "कितके आसत?"

"सगळे, मामा!"

"सगळे म्हणजे कितके? तुमी मोजलात?"

माझं डोकंच फिरलं. "मामा, तुमचा सख्खा भाऊ वाचलाय! जरा आनंद करा की!"

"नावां सांगा, मगे करतंय," ते म्हणाले.

मी रागारागाने विजयदुर्गच्या सोसायटीला फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे चार नावं वाचली. मी म्हटलं, पुढे? तो म्हणाला, चारच. पुन्हा दुकानात फोन लावून ती चार नावं मी मामांना वाचून दाखवली, त्यात त्यांच्या भावाचं नव्हतं. मग मामा म्हणाले, "बरा," आणि फोन ठेवला. घरी सांगितल्याशिवाय फळ्यावर लिहायचं नाही हा त्यांचा नियम. ते वहिनींकडे गेले तेव्हा माझं 'सगळे' त्यांच्या आधी तिथे पोचलं होतं, आणि वहिनी दारात साखर वाटत होत्या. मामांनी साखरेसाठी हात पुढे केला नाही. वहिनींना तेवढ्यानेच कळलं.

मामांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. चार माणसांत दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

चौघे घरी आले. मामांनी त्यांना एकेकाला वेगळं बसवून विचारलं. चौघांनी एकच सांगितलं. मोठी लाट आली, सगळे खाली आडवे झाले, उठून बघतात तर सुकाणूवर तांडेल नाही. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. फळ्यावर आलं, "चौघे परत आले. तांडेल सुकाणूवरून दिसेनासे झाले. पडताना कोणी पाहिलेले नाही." वाचून गावाने काय ते समजून घेतलं. मामांनी घेतलं नाही. पुढचं वाक्य ते लिहीनात. आणि त्यांचा शब्द होता की ते लिहीपर्यंत कुंकू पुसायचं नाही, म्हणून वहिनी कुंकू लावत राहिल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं की नाही हा गावातल्या बायकांना मोठा पेच होऊन बसला. बोलावलं तर म्हाताऱ्या फुरंगटायच्या, न बोलवावं तर मामांची भीती. शेवटी वहिनीच त्या दिवशी माहेरी जायच्या.

मामा फिरत सुटले. गोवा, कारवार, खाली मंगळूरपर्यंत. बंदरं झाली, दवाखाने झाले. कुणी म्हणालं अमुक गावी एक माणूस आहे, स्वतःचं नाव आठवत नाही, की निघाले एसटीने. जन्मभर ज्यांनी ऐकीव गोष्टीला उभं केलं नाही, ते आता कुणाच्याही ऐकीव गोष्टीमागे तीनशे मैल जात होते. कोणी सांगल्यान, कितक्या वाजता, काही नाही. मी बायकोला म्हटलं, मामांचा नियम मोडला गं. ती म्हणाली, "नियम खंयचो, सख्खो भाव आसा तो त्यांचो."

चार वर्षं अशी गेली. एके दिवशी सकाळी आम्ही मामांकडे होतो. मामा पिशवी भरून तयार, रत्नागिरीकडे कुठल्याशा आश्रमात कोणीतरी असल्याचं ऐकलं होतं. वहिनी अंगणात आल्या. कपाळ मोकळं होतं. माझ्या बायकोच्या तोंडून "अगो बाय!" निघालं. मामा बघतच राहिले.

"मी लिवूक नाय अजून," ते म्हणाले.

"नाय लिवलात, म्हायत आसा माका." वहिनी थोरल्या दिरासमोर कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या, आजही पदर सावरून चार हात लांब उभ्या होत्या. "भावोजी, आता फिरा नको. पाय बघा कसे सुजलेत तुमचे. तुमका म्हायत नाय तर रवांदे. माका म्हायत आसा."

"कोणी सांगल्यान तुका?" मामांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"कोणी सांगूक होया?" वहिनी म्हणाल्या. "घोवाक माझ्या मी वळखतंय. जितो असतो तर चालत इलो असतो."

मामांच्या हातातली पिशवी गळून पडली. भावाचं घरातलं लहानपणीचं नाव त्यांनी घेतलं, जे आम्ही कुणी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं, आणि मोठ्याने रडायला लागले. माझी बायको त्यांना धरायला धावली. वहिनी रडल्या नाहीत. त्यांचं रडून कधीच झालं असावं, एकटीने, आणि आमच्यापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. त्या चार हात लांबूनच हळू म्हणत राहिल्या, "रडा, भावोजी. तुमचो भाव होतो तो. रडा."