गोळ्या वाटणारी बिननावाची बाई: आंधळगावच्या वाटेवर दोन दिवस

“परक्या बाईच्या फोटोले मी हार घालत नसते,” आई म्हणाली आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. तिच्या मते विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

झालं असं, की परदेशातल्या एका ग्रंथालयानं जुन्या मिशनऱ्यांचे फोटो इंटरनेटवर ठेवले आहेत. बंगले, शाळा, चर्चच्या पायऱ्यांवर रांगेनं बसवलेली मुलं, दौऱ्यावरचे तंबू. मी सवड मिळाली की ते चाळत बसते. नवरा याला ‘लोकांचे अल्बम बघणं’ म्हणतो. एका फोटोखाली भंडारा जिल्हा असं लिहिलेलं दिसलं आणि मी थांबले. दवाखान्याचा व्हरांडा, टोपीवाली मडम, बाजूला तिचा घोडा, हात पुढे करून उभे असलेले चार रोगी आणि त्यांच्या हातावर गोळ्या ठेवणारी लुगड्यातली एक बाई. मडमचं नाव लिहिलंय. घोड्याचंही लिहिलंय. बाईच्या जागी नुसतं ‘मदतनीस’. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

माझी आजी, सगुणा, आंधळगावच्या बाजूच्या एका गावात मिशनच्या दवाखान्यात गोळ्या वाटायची, एवढंच आम्हाला ठाऊक आहे. आई पाच वर्षांची असताना ती गेली आणि आईला तिच्या मामानं नागपूरला आणलं. आजीचा एकही फोटो नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आई गेलेल्या सगळ्यांच्या फोटोंना हार घालते. तिच्या मायसाठी मात्र नुसती मेणबत्ती लावते. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब होत चाललाय आणि त्यावर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे फोटो दाखवायचा तर आत्ताच.

घोडं अडलं ते गोंदणापाशी. फोटोतल्या बाईच्या मनगटावर विंचू गोंदलेला आहे, पण डाव्या.

“माह्या मायचा विंचू उजव्या हातावर होता,” आई म्हणाली. “मी त्याच्यावर बोट ठेवून झोपत होती. ही कोनी दुसरी हाय.”

असेल दुसरी. पण मग ते मला तिथे जाऊन बघायचं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाले. नागपूर ते भंडारा हा हमरस्ता आहे, दीड तासाचं काम. जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीच बघा. उन्हाळ्यात या भागात भर दुपारी फिरायचं म्हणजे स्वतःशीच वैर. निघण्याआधी तर्री पोहे खाल्ले होते, त्यामुळे मूड चांगला होता.

पहिला थांबा शहापूर. तिथे एक निवृत्त गुरुजी राहतात, त्यांना जुन्या इमारतींचा नाद. मी सायबर कॅफेत साध्या कागदावर छापून आणलेला फोटो त्यांनी भिंगाखाली धरला.

“तुम्ही म्हणता तो दवाखाना उभा आहे अजून,” ते म्हणाले. “मी पाहिलाय. पण त्याची विहीर पायऱ्यांच्या डाव्या अंगाला हाय. तुमच्या फोटोत उजवीकडं. हा त्याचा फोटो नाहीच.”

“मग कुठला?”

“तेव्हा जिल्हा एकच होता न. मिशनवाल्यांनी दवाखाने एकाच नकाशावर बांधले. हा तिकडचा असंल, जो भाग आता गोंदियात गेला. कायले आंधळगावले चकरा मारता? घरी जा, बाई.”

विहीर उलटी, गोंदण उलटं. दोन साक्षी विरुद्ध. भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळच्या लॉजवर (स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच) मी संध्याकाळभर फोटो घेऊन बसले. नवऱ्याचा फोन आला, “सापडली का आजी?” मी म्हटलं, “नाही, पण उद्या जाणार.” शहाण्याला शब्दाचा मार, पण मी शहाणी आहे असं कोणी कधी म्हटलेलं नाही.

रविवारी तुमसरची बस धरून मोहाडीला उतरले. तिथून शेअर ऑटोनं आंधळगाव आणि तिथून पुढे तोच ऑटो ठरवला, परतीसकट. सुटे पैसे जवळ ठेवा. धान कापून झालं होतं, रिकाम्या बांध्यांमधून लाखोरी हिरवीगार उगवली होती. ऑटोवाल्यानं विचारलं, “तिथं काय हाय पाहाले?” मी म्हटलं, “बहुतेक काहीच नाही.” तो मागे वळून बघतच राहिला, समोर म्हैस आली तेव्हा कुठे भानावर आला.

त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण कौसल्याबाईंच्या अंगणात गर्दी झाली तर त्या मला शिव्या घालतील. त्या म्हणजे दवाखान्याच्या आवाराची राखण करणाऱ्या सत्तरीच्या बाई. मागच्या दोन खोल्यांत राहतात. इमारत पाहिली आणि पिशवीतून फोटो काढला. तेच खांब, तीच दगडी पायऱ्यांची रुंदी. आणि विहीर, गुरुजी म्हणाले तशी, डावीकडे.

कौसल्याबाईंनी चहा दिला, सोबत लाखोरीच्या डाळीचे वडे. मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि सगळी कहाणी सांगितली. त्यांना मडममध्ये रस नव्हता, घोड्यातही नव्हता. त्या रोग्यांकडे बघत होत्या.

“बाई, हे चारही जनं डावखोरे होते का वं?”

“का हो?”

“डावा हात काहून पुढं करून राहिले? औषध डाव्या हातानं घेते का कोनी? माही सासू तं डावा हात पुढं केला का फटका मारे हातावर.”

मी फोटो घेतला. पाहिला. चारही डावे हात. मी महिनाभर हा फोटो बघत होते, गुरुजींनी भिंगानं पाहिला होता, आणि आम्हा दोघांना विहीर दिसली, विंचू दिसला, हात दिसले नाहीत. मी कागद उलटा केला, मागची बाजू डोळ्यांसमोर, आणि सूर्याकडे धरला.

उन्हात चित्र मागून उमटलं. विहीर डावीकडे सरकली. चारही हात उजवे झाले. आणि विंचू उजव्या मनगटावर बसला.

तेव्हा फोटो काचेच्या निगेटिव्हवरून छापत, ती काच छापतानाच उलटी लागली असणार. आणि तिकडे परदेशात बघणाऱ्यांना ते कशाला खटकेल? त्यांच्याकडे गोळी कुठल्याही हातानं घेत असतील. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा. मी रडायला लागले. कौसल्याबाई म्हणाल्या, “रडतं कायले? भेटली न!” आणि आणखी दोन वडे वाढले.

परतताना शहापूरला मुद्दाम उतरले. गुरुजींनी कागद खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला, मग त्यांच्या वहीत एक ओळ खोडली. माणूस मोठा आहे.

घरी येऊन ग्रंथालयाला पत्र लिहिलं: फोटो सुलटा करा आणि ‘मदतनीस’ खोडून ‘सगुणाबाई’ लिहा. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी तेच पत्र पुन्हा पाठवते आणि थांबणार नाही.

फोटो स्टुडिओतून सुलटा, मोठा करून काचेच्या फ्रेममध्ये बसवून घेतला आणि आईला खिडकीपाशी बसवलं. तिनं आधी विंचू शोधला. त्यावर बोट ठेवलं. मग बोट उचललं आणि चेहरा अगदी डोळ्यांजवळ नेला.

“किती लहान हाय वं ही,” ती म्हणाली. माझी मुलगी बाजूलाच उभी होती, बावीस वर्षांची. आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. “मले टाकून गेली म्हनून मी जनमभर रुसून राहिली हिच्यावर. ही तं पोरगीच हाय.”

हार मी आणला होता, खिळाही ठोकला होता. आईनं फोटो दिला नाही. “आज राहू दे माह्यापाशी,” म्हणाली, आणि पदरानं काच पुसत बसली.