दर्या सुकतो तेव्हा: नागाव-रेवदंड्याचे दोन दिवस

समुद्र बघायला जायचं कारण लोक सहसा सांगत नाहीत. माझ्याकडे मात्र होतं, आणि ते फारसं अभिमानाचं नव्हतं.

मी पुण्यात सहावीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. मुलांकडून निसर्ग निरीक्षणाची वही लिहून घेण्याचा मला भारी सोस. आमच्या वर्गात प्रणाली नावाची मुलगी आहे. वडिलांना इकडच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून हे कुटुंब कोकणातल्या बोर्ली पंचतनजवळच्या गावातून पुण्यात आलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं वहीत लिहिलं, ‘मी मामाकडे गेले. सकाळी दर्या सुकला. मग मामीबरोबर कालवं काढली.’ मी खाली लाल शाईनं शेरा मारला, ‘समुद्र सुकत नाही. मनचे लिहू नये.’ एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण निरीक्षण आणि कल्पना यांतला फरक समजावताना मी ते वाक्य अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. वर्ग खो-खो हसला. पुढे आठवडाभर पोरं तिला विचारत होती, समुद्र दोरीवर वाळत घातला का म्हणून.

त्यानंतर प्रणालीच्या वहीत ‘कावळा दिसला’, ‘झाड दिसले’ एवढंच येऊ लागलं. वर्गात हात वर करणंही तिनं बंद केलं. दोन महिने झाले तेव्हा मी आमच्या खेळाच्या बाईंना, शुभांगीला, ही तक्रार सांगितली. मुलगी फार अबोल झालीय, असं म्हणाले. शुभांगीनं डब्यातली पोळी मोडत विचारलं, “तू समुद्राची ओहोटी कधी बघितलीयस? म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत?”

बघितली नव्हती. चौदा वर्षं शिकवतेय, फळ्यावर चंद्र-सूर्याच्या आकृत्या काढतेय, आणि समुद्र पाहिला तो सहलीत, संध्याकाळी, भेळ खात. मला स्वतःचाच राग आला. शनिवारी शाळेला सुट्टी होती, गाडी शुभांगीची होती. ठरलं.

सकाळी साडेआठला निघालो. द्रुतगती मार्गानं खोपोली, तिथून पेण, वडखळ, अलिबाग आणि पुढे नागाव. खोपोली-पेण रस्ता बरा आहे, वडखळला मात्र ट्रकांच्या मागे तासभर गेला, तेव्हा जाणाऱ्यांनी तेवढा वेळ हाताशी ठेवावा. पेणला मिसळ खाल्ली आणि पोह्याचे पापड घेतले. शुभांगीनं त्यातले अर्धे अलिबाग येईपर्यंत कच्चेच संपवले. नागावात नारळाच्या वाडीतली खोली मिळाली, दोघींना दोन वेळच्या जेवणासकट अडीच हजार. घरमालकीण निर्मलाकाकू, बोलायला मोकळ्या आणि वाढायला त्याहून.

दोनच्या सुमारास वही-पेन घेऊन किनाऱ्यावर गेले तर पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. पाण्यावर फटफटणाऱ्या स्कूटरी, केळ्याच्या आकाराच्या होडीवर किंचाळणारी माणसं. मी वहीत लिहिलं, ‘दुपारी दोन. पाणी खूप.’ माझ्या विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी वही परत केली असती. शुभांगी पाण्यात डुंबून आली आणि वाळूत घोरत पडली.

परत आल्यावर काकूंनी विचारलं, “झालं का बघून?”

“ओहोटी बघायची होती,” मी म्हणाले.

“मग आज कुठली, अंधार होईल तोवर. उद्या सकाळी सुकतीला जा, रेवदंड्याच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. तिथे खडप आहे, खडक हो. सव्वाआठला पाणी अगदी खाली जाईल.”

“कशाला म्हणालात?”

“सुकतीला. भरती आणि सुकती. तुम्ही ओहोटी म्हणता ना, तीच.”

शुभांगी माझ्याकडे बघत होती. मी सोलकढीच्या वाटीत बघत होते. पोरीनं मनचं काहीच लिहिलं नव्हतं. जो शब्द घरात रोज ऐकते तोच वापरून, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं. मनचं मी लिहिलं होतं, तेही लाल शाईत.

रविवारी सहा वाजता आम्ही खाडीच्या तोंडाशी हजर. नागावपासून गाडीनं वीसेक मिनिटं. चपला रबरी आणि घट्ट बसणाऱ्या घाला, खडप फार निसरडं असतं. पाणी रात्रीपासूनच उतरत होतं, पण अंधारात आधी ते कळतच नाही. मग एक काळा दगड डोकं काढतो. थोड्या वेळानं तिथं सात दगड असतात. ओल्या चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारायला लागले, बगळे येऊन ओळीनं उभे राहिले. सातनंतर ऊन आलं आणि उघड्या पडलेल्या खडकांवरचं पाणी आटून ते पांढुरके दिसू लागले. शेवाळ चुरमडलं. ओहोटी या शब्दात पाणी कुठे गेलं ते कळतं. मागे राहिलेल्या जमिनीचं काय झालं, ते सुकती सांगते. हे मी वहीत लिहिलं आणि मला फार बरं वाटलं.

हातात टोकदार लोखंड आणि कमरेला टोपली घेतलेल्या एक बाई खडपावर बसून खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले फोडत होत्या. त्यांचं नाव हिराबाई. वेळ कशी कळते, मी विचारलं.

“आज तीज हाय,” त्या म्हणाल्या. “तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला भरती. तिच्याआधी सा घंटे सुकती. यात कलायला काय हाय?”

तिथीची पाऊणपट, तीच भरतीची वेळ. पाऊणकीचा पाढा माझ्या शाळेतून कधीच हद्दपार झाला, इथे तो अजून समुद्राची वेळ सांगत होता. मी भराभर लिहून घेतलं.

“ताई, तुमी लिवता कशापायी?”

मी सगळं सांगून टाकलं. अगदी वर्ग हसला तेही. त्यांनी एक कालव फोडलं, मांस वाटीत टाकलं आणि म्हणाल्या, “पोर बोर्लीकडची ना? तिला म्हाईत असनार. तिलाच इचारायचं व्हतं.”

एवढंच. रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. पुन्हा कामाला लागल्या. मला रडू येईल असं वाटलं, पण शुभांगी तेवढ्यात घसरून चिखलात बसली आणि आम्ही तिघी हसत सुटलो. निघताना हिराबाईंकडून वाटीभर कालवं विकत घेतली. काकूंनी दुपारी खोबरं घालून त्यांचं सुकं केलं. सकाळी सुकती, दुपारी सुकं, असं म्हणत शुभांगीनं पाच भाकऱ्या खाल्ल्या.

परतताना चौलला दत्ताच्या टेकडीवर चढायचा विचार होता. पण पायऱ्या फार आणि जेवण जड, म्हणून खालूनच हात जोडले. रात्री आठपर्यंत घरी पोचलो.

सोमवारी तिसऱ्या तासाला मी फळ्यावर ‘सुकती’ लिहिलं. बाईंचं चुकलं होतं, प्रणालीचं बरोबर होतं, हे सगळ्यांसमोर सांगितलं, कारण हसू सगळ्यांसमोर झालं होतं. प्रणाली खाली बघत होती. मग मी माझी वही वाचून दाखवली. शेवटचं वाक्य होतं, ‘सव्वाआठ वाजता खडकांवरचे सगळे पाणी गेले.’

मागच्या बाकावरून हात वर झाला. अर्धाच.

“बाई, सगळं नाय जात,” प्रणाली म्हणाली. “खडपात खड्डे असतात, त्यात राहतं. बारके मासे अडकतात तिथं, खेकडे असतात. तुम्ही वाकून नाय बघितलं?”

नव्हतं बघितलं. दोन तास समोर बसून मी पाणी कुठे चाललंय तेवढंच बघत होते.

“किती मोठे खड्डे?” कुणीतरी विचारलं. समुद्र वाळत घालणाऱ्या पोरांपैकीच एकजण होता. प्रणालीनं हातानं दाखवलं, मग तिचं तिलाच पटेना. ती उठली, फळ्याशी आली आणि खडू मागितला.

मी खडू दिला आणि तिच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले. तिनं आधी एक खेकडा काढला, मग मागे वळून वर्गभर नजर फिरवली आणि म्हणाली, “उतरवून घ्या.” मी वही उघडली.