पहिली ओळ शीलाची

घरी शाळा भरवणं फुकटात होतं, असं कोणी समजू नका.

आम्हाला ती पडली एका बैठकीच्या खोलीला, नव्या सोफासेटला आणि सख्ख्या भावाच्या अबोल्याला.

खोलीत बांबूच्या कामट्या. सोफ्यावर ओली माती. आणि भाऊ तर घराची पायरी चढेना.

आज शीलाला जाऊन वर्ष झालं.

शीला माझी बायको. पाली भाषेत एम.ए. शिक्षिकेच्या जागेची खूप वाट पाहिली. मग एक दिवस म्हणाली, "जागा निघन तवा निघन. मी माह्या पोरायलेच शिकवतो."

अनुजा चौथीत होती, सुगत पहिलीत. दोघांनाही शाळेतून काढलं.

मोठा भाऊ भडकला. "आपल्या आजाले शाळेच्या दारात उभं करत नोते. आन् तुमी पोरायले घरी बसवून राह्यले?"

शीला म्हणाली, "घरी बसतेच कोण, भाऊजी?"

खरंच होतं ते.

सावली गावात माझं छपराच्या पत्र्याचं दुकान. हमाली करत करत उभं केलेलं. टेम्पो डिलिव्हरीला निघाला की मागे पत्रे आणि पुढे ही तिघं. माझं डिझेल, तिची सहल!

मुलचेऱ्याकडे पत्रे टाकायला गेलो, तर तिथल्या एका बंगाली आजीजवळ पोरं मासे धरायचं जाळं विणायला बसली. मी हॉर्न वाजवून थकलो. शीला म्हणे, "क्लास चालू आहे, थांबा."

वैनगंगेच्या वाळूत अक्षरं. बांबूची टोपली विणता विणता पाढे.

पण सगळ्यात महत्त्वाच्या गाथा.

त्रिशरण-पंचशील आपल्या बौद्ध घरात लहान लेकरालाही येतं. शीला पुढच्या लांब लांब पाली गाथा घ्यायची. पुस्तक नाही. पहिली ओळ ती म्हणणार, दुसरी पोरं. अर्थ नंतर.

रोज सकाळी.

दुकान आणि घर यांच्यामध्ये पत्र्याचीच भिंत. ती भिंतीला पाठ लावून बसायची, पोरं तिच्यासमोर, पार खोलीच्या टोकाला. इकडे मी गिऱ्हाईक करत असे; तिचा आवाज तेवढा स्पष्ट यायचा.

माझे कान तयार आहेत. पत्र्यावर बोट वाजवून गेज, म्हणजे त्याची जाडी, सांगतो मी.

मागच्या वर्षी शीलाला तापाचं निमित्त झालं. नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिच्या नावानं वंदना घ्यायच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव भरला. भाऊ आला. अबोला त्यानंच सोडला. जवळ बसला, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "उद्यापासून पोरायले शाळेत टाक. आता शिकवन कोण?"



तेवढ्यात फोन आला. गाथा म्हणायला येणाऱ्या भन्तेंची गाडी मूल गावाच्या पलीकडे बंद पडली होती. लोक चुळबुळ करायला लागले. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो,

"काई अडत नाई. माह्या पोरायले सगळ्या गाथा पाठ आहेत. शीलानं शिकवल्या."

भाऊ म्हणाला, "म्हणू दे ना मंग. आमीबी ऐकतो."

पांढऱ्या कपड्यातली दोघं शीलाच्या फोटोसमोर बसली. हात जोडले.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मांडव सोबत होता.

मग गाथा.

आणि दोघंही गप्प.

अनुजा सुगतकडे पाहते. सुगत अनुजाकडे. मागून एक बाई कुजबुजली, "विसरले वाट्टे लेकरं." दुसरी म्हणाली, "शाळेत असते तं..."

 बायको तर गेलीच होती. आता तिची इतक्या वर्षांची मेहनत सगळ्यांसमोर खोटी पडत होती.

मी वाकून विचारलं, "काऊन रे? येत नाई का?"

सुगत म्हणाला, "येते ना, बाबा. पयली आई म्हणते."

तेव्हा लक्षात आलं. पोरांनी आजवर सुरुवात कधी केलीच नव्हती.

मी खाली बसलो. डोळे मिटले. पत्र्याच्या भिंतीपलीकडून येणारा तिचा आवाज आठवला आणि पहिली ओळ म्हटली.

दुसरी ओळ दोघांनी एका दमात म्हटली.

मी पुढची. ती त्यापुढची. एकदाही अडखळली नाहीत. मांडवातलं कोणी हललं नाही. शेवटापर्यंत.

जेवणं झाल्यावर भाऊ हात धुता धुता म्हणाला, "तुलेबी शिकवलं का बे तिनं?"

"नाई. मी दुकानातून ऐकलं."

"सगळ्या येते?"

"सगळ्या!" मी छाती काढून सांगितलं.

त्यानं टॉवेलला हात पुसले. मग म्हणाला, "पोरं शाळेत जाऊ दे. पन हे बंद नोको करू."

जूनपासून दोघं शाळेत जातात. सुगतला शाळा फार आवडते, शीला. राग मानू नको.

गाथा आता संध्याकाळी होतात. पहिल्या ओळी अनुजानं माझ्याकडून घेतल्या. आता सुरुवात ती करते. मला आणि सुगतला समोर बसवते, उत्तर द्यायला.

शीला, आज तुझ्या फोटोसमोर आम्ही तिघं बसलो होतो. तुला आमचा नमस्कार.

सुगतनं उत्तराच्या सगळ्या ओळी म्हटल्या.

मी नुसते ओठ हलवले. दुसऱ्या ओळी मला येत नाहीत.