दूशिकने न उकरलेली जमीन

निम्मा चढ संपल्यावर सुनदोक एकदम थांबली. पाठीवरची लाल चवळीची पिशवी तिने दगडावर टेकवली आणि खाली गावाकडे बघत म्हणाली, "यंगशिल, त्या दूशिकने माझी जमीन उकरलीच नाही गं."

"कुठली जमीन, ताई? तुझं शेत तरी कुठंय?"

"घरातली. पायाखालची."

आज वर्षातला सर्वांत लहान दिवस. वर देवळात चवळीची पेज शिजायची होती, म्हणून दोघी शेजारणी सकाळीच निघाल्या होत्या. सुनदोक वाटभर मागे मागे राहत होती. यंगशिलला वाटलं होतं, गुडघे दुखत असतील.

गावातली कोळशाची खाण चालू होती तेव्हा सुनदोकची खानावळ होती. नवरा खाणीत, ही चुलीपुढे. एकट्यादुकट्या कामगारांना ती जेवू घालायची. दूशिकचा बाप खाणीत गाडला गेला, आई पोराला आजीपाशी टाकून निघून गेली; तेव्हापासून ते पोर रोज मागच्या दाराशी येऊन उभं राहायचं. सुनदोकने त्याला कधी आत बोलावलं नाही. नुसता एक वाडगा जास्त वाढायची. पोर आपणच आत येऊन बसायचं. लष्करात जाईपर्यंत ते तिथेच जेवलं. तिला मावशी म्हणायचं. आता बस थांब्याजवळ त्याचं बॉयलरचं मोठं दुकान आहे.

यंदा थंडीच्या तोंडावर सुनदोकचा, जमिनीखालून गरम पाणी फिरवून घर ऊबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला. दूशिक आला, जमिनीला कान लावून बसला आणि मान हलवली. "मावशी, नुसता बॉयलर बदलून भागायचं नाही. जमिनीखालचे गरम पाण्याचे पाइपच सडलेत. सगळं उकरून नवे टाकावे लागतील." पन्नास लाख वॉन सांगितले.

यंगशिल तेव्हाच म्हणाली होती, "ताई, दुसऱ्या कुणाला तरी दाखव."

केवढी चिडली होती सुनदोक! "ज्याला जेवू घातलं, त्याच्यामागे दुसरा माणूस आणून उभा करू? त्यापेक्षा तोंडावर चोर म्हटलेलं काय वाईट?"

नवरा फुप्फुसात कोळशाची धूळ भरून गेला, त्याची भरपाई मिळाली होती. त्या पैशांना ती कधी हात लावत नव्हती. तेच पैसे तिने पांढऱ्या पाकिटात घालून दोन्ही हातांनी दूशिकला दिले. पाकीट त्याने मोजूनही पाहिलं नाही. तिला किती बरं वाटलं होतं! काम चालू असेतो ती यंगशिलकडे झोपायला होती. परत गेली तर नवा बॉयलर, वर पिवळ्या प्लास्टिकची नवी जमीन, आरशासारखी. "आता सगळ्या खोलीत सारखी ऊब, मावशी," दूशिक म्हणाला होता. तिने त्याला घरच्या किमची लोणच्याची बरणी बांधून दिली होती.

"मग तुला कळलं कसं?" यंगशिलने विचारलं.

"सोयाबीनने सांगितलं." सुनदोक हसली, पण ते हसणं ओठांतच राहिलं. "दर हिवाळ्यात शिजवून रजईखाली आंबवायला ठेवते ना, ते. नेहमी स्वयंपाकघराच्या भिंतीशी ठेवायचे, तिथेच ऊब असायची. म्हटलं, आता सगळीकडे सारखीच आहे, खिडकीशी ठेवू. नासलं. आंबल्यावर सुटते ती चिकट तार सुटेना, नुसता घाण वास. दुसरं भिंतीशी ठेवलं, ते झकास आंबलं. मग मी रांगत रांगत सगळी खोली हाताने चाचपली, यंगशिल. जुनाच गरम पट्टा. जुनाच गार कोपरा."

"त्याला विचारायचं होतंस."

"फोन केला ना. म्हणाला, मावशी, वय झालं की रक्त गार पडतं. मग कपाट सरकवलं आणि वरचं प्लास्टिक उचललं. खाली आमच्या ह्यांनी घातलेला जुना कोबाच. भेगेसकट. कपाटामागे त्याने नवं सिमेंट फासायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. म्हातारी कशाला कपाट हलवते!"

"मेल्याचं वाटोळं होवो!"

"नको गं, देवाच्या वाटेवर नको." सुनदोकने हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. "पैशाचं नाही वाटत. पैसे मागितले असते तर तसेच दिले असते. रक्त गार पडलं म्हणाला. माझं!"

वरून घंटा ऐकू आली. यंगशिलने तिची पिशवी उचलून आपल्या खांद्यावर घेतली. थोडं चालून झाल्यावर सुनदोकने तिची बाही धरली.

"उद्या त्याला घरी बोलावलंय. प्लास्टिक उचलून दाखवणार आहे आणि तोंडावर विचारणार आहे. तू माझ्याजवळ बसशील?"

"बसेन की. बोलेन पण."

"तू बोलू नकोस. मी बोलेन. पण माझं तोंड मला माहीत आहे. तो दारात दिसला की आधी 'जेवलास का?' येणार. आणि तो 'नाही' म्हणाला की मी उठून भात वाढणार, संपलं सगळं. म्हणून तू माझ्या शेजारी बस, यंगशिल, आणि मी तोंड उघडलं की मला जोरात चिमटा काढ."