प्लॅस्टिकच्या दुकानातलं अर्धं दुकान

पहिल्या दिवशी दुकानात कुणीतरी काहीतरी खात होतं.

मी एकटीच होते. दुकानाच्या मालकीण शैलाताई किल्ल्या माझ्या हातात देऊन बँकेत गेल्या होत्या आणि कुठूनतरी आवाज येत होता. कुर्र, कुर्र, कुर्र. मी बी.ए. झालेली मुलगी, पण शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. उंदीर समजून स्टुलावर चढले. मग लक्षात आलं की आवाज वरूनच येतोय, म्हणून उतरले. वर टांगलेल्या बांबूच्या दिव्यातून माझ्या नव्या ड्रेसवर पिवळट भुगा पडत होता, टाल्कम पावडरसारखा.

मधल्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "तंगी, घाबरू नगं. तुमचा माल जिता हाय."

ते अण्णा. शैलाताईंचे सासरे, मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात निम्मं कन्नड. मी त्यांच्या नातीच्या वयाची, पण त्यांनी पहिल्याच दिवशी मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण करून टाकलं.

दिवा बनवणारे धाकलूमामा चंदगडहून पुढच्या आठवड्यात आले. त्यांनी डॉक्टरसारखा दिव्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मला धीर दिला. "आवाज जातोय ताई थोड्या दिवसांत. आतलं संपलं की."

अशा दुकानात वस्तू किती खपतात ते सोडा, किस्से मात्र रोज नवे येतात. त्यांना गिऱ्हाईक नसतं, परतही पाठवता येत नाहीत, मग ते साठत जातात. माझ्याकडचा हा साठा दोन हजार सालच्या आगेमागेचा, कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतला.

*

आधी दुकान कसं होतं ते सांगते. अण्णांचा होलसेल प्लॅस्टिकचा धंदा. बादल्या, टब, कॅरीबॅग. त्याच गाळ्यात मधोमध प्लायवूड ठोकून त्यांनी अर्धा भाग सुनेला दिला होता. त्या अर्ध्यात शैलाताई गावोगावच्या लोकांनी हातानं बनवलेल्या पर्यावरणपूरक वस्तू विकायच्या. म्हणजे गिऱ्हाईक आमच्याकडे प्लॅस्टिकचे तोटे ऐकायचं आणि बाहेर पडताना अण्णांकडून बादली घेऊन जायचं.

अण्णांची अट साधी होती. दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर प्लायवूड काढायचं आणि तिथं खुर्च्यांचा स्टॉक लावायचा. शैलाताईंनी ती मान्य केली होती. पण संध्याकाळी कुलूप लावताना प्लायवूडवरून हात फिरवायच्या, ते मी बघितलं होतं. माझं म्हणाल तर नोकरी गेली की घरी स्थळं दाखवायला सुरुवात, हे ठरलेलंच होतं.

*

बिद्रीकडचे एक सर उसाच्या चिपाडापासून हातकागद बनवायचे. खरखरीत, फिक्कट सोनेरी, फार देखणा. एका मुलीच्या वडलांनी त्यावर लग्नाच्या पत्रिका छापून घेतल्या. आमची पहिली मोठी ऑर्डर!

चार दिवसांनी ते गृहस्थ दारात, काखेत उरलेल्या पत्रिकांचं खोकं. हातात एक पत्रिका, चिमटीत धरलेली, शेपटी धरून उंदीर उचलतात तशी. चिपाड धुण्यात काहीतरी कसूर राहिली होती आणि कागदात साखर होती. मुंग्यांनी ती आमच्या आधी शोधली.

"ताई," ते म्हणाले, "पावणं पत्रिका वाचंनात. झाडाय लागल्यात."

शैलाताई माफी मागत होत्या, मी टेबलावरच्या मुंग्या फुंकत होते. एवढ्यात अण्णा पलीकडून उठून आले. त्यांनी उरलेल्या पत्रिका एकेक करून कॅरीबॅगेत सरकवल्या, वर गाठ मारली. गृहस्थांचा चेहरा खुलला. जाताना त्यांनी अण्णांशी हात मिळवला, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

*

एका मुलानं म्हशींच्या गळ्यातल्या जुन्या घंटा सुतळीत ओवून दारात टांगायचं झुंबर बनवलं होतं. वाऱ्यानं छान वाजायचं. आमच्या रस्त्यानं संध्याकाळी धारेच्या, म्हणजे गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायच्या म्हशी जातात. मी हिशोब करत होते, घंटा वाजली, गिऱ्हाईक आलं म्हणून मान न उचलताच "या, बसा" म्हणाले.

मान उचलली तर म्हैस. शिंगं रंगवलेली, अर्धी आत, अर्धी रस्त्यावर.

मी थेट गोधड्यांच्या ढिगावर. तिथून शैलाताईंना, अण्णांना, आईला अशा क्रमानं हाका मारल्या. म्हैस घंटांकडे बघत उभी. तेवढ्यात मागून गवळी आला, निवांत. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "दचकू नगा की. ती नुसती बगाय आलीया. घेणार काय न्हाय."

त्या महिन्यात आमची बाकीची गिऱ्हाइकंही तशीच होती.

*

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. आमच्या वाकळा आजऱ्याजवळच्या बायका शिवायच्या, आणि त्यांना लागणारे जुने कपडे भांडीवाल्या बायकांकडून यायचे. कपडे द्या, स्टीलचं पातेलं घ्या, त्या व्यवहारातले.

एक बाई वाकळ बघत होत्या. बघता बघता त्यांचा हात एका जांभळ्या चौकोनावर थांबला. त्यांनी तो उलटा केला, नखानं शिवण चाचपली, आणि दाराबाहेर रिक्षात बसलेल्या सासूबाईंना हाक मारली. "आत्ती, जरा आत या."

आत्ती आल्या.

"हा माझा शालू."

आत्तींनी चौकोन बघितला. मला वाटलं आता इथं काहीतरी होणार, म्हणून मी काचेच्या बरण्या हळूच मागं सरकवायला लागले. आत्ती जराशा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "पातेलं चांगलं निघालं पर. अजून बुड करपत न्हाय."

 घासाघीस न करता सुनेनं वाकळ घेतली, छातीशी धरली आणि गोड आवाजात म्हणाली, "आत्ती, हिवाळ्यात ही तुमच्याच अंगावर घालती. रोज."

दोघी एकाच रिक्षातून गेल्या. मी रिक्षा वळेपर्यंत बघत होते.

*

एक इंजिनिअर झालेला मुलगा शेणाची घड्याळं बनवायचा. वाळवून, घासून, वर काटे. उन्हाळ्यात सुंदर चालली. श्रावणात आकड्यांच्या जागी पांढरं काहीतरी दिसायला लागलं. मी पुसलं, परत आलं.

अण्णांना पलीकडून वेळ विचारायची सवय होती. "तंगी, किती वाजलं?"

मी बघितलं. "अण्णा, तीनवर कुत्र्याची छत्री उगवलीय."

पलीकडे पिशव्यांचा गठ्ठा आपटल्याचा आवाज. मग, "चारवर उगवली की सांग. च्या मागवू."

*

दिवाळी जवळ आली. पलीकडं खुर्च्यांचे नमुने येऊन पडले, लाल, हिरवे, एकावर एक. आणि अगदी तेव्हाच आंबोलीच्या वाटेवर नवीन रिसॉर्ट काढणारे एक साहेब दुकानात आले. त्यांना सगळ्या व्हरांड्यात धाकलूमामांचे दिवे हवे होते. उद्घाटन सोमवारी. अट एकच, आवारात प्लॅस्टिक येता कामा नये. पॅकिंगलासुद्धा नाही. नमुन्याच्या दिव्याला नायलॉनची दोरी होती, तेवढ्यावरून त्यांनी दिवा परत केला होता. आम्ही सुतळी बांधून दिली, तेव्हा कुठं ऑर्डर पक्की झाली. जाताना म्हणाले, प्लॅस्टिकचा तुकडा जरी दिसला तरी सगळा माल माघारी.

शैलाताईंनी अण्णांना ऑर्डर सांगितली. अट सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. ज्या माणसाचं घर पिशव्यांवर चालतं, त्याला ते तोंडावर कसं सांगणार? अण्णा खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "एवढं पार पाड. खुर्च्या मी गोडावनात ठेवतो."

धाकलूमामा शुक्रवारी एसटीनं माल आणणार होते. शुक्रवारी ते आले नाहीत. त्यांच्या घरी फोन नव्हता, निरोप गावातल्या किराणा दुकानात द्यायचा. तो फोन लागेना. चंदगडात पाऊस अजून कोसळत होता आणि तिकडच्या लाइनी बंद, असं कुणीतरी सांगितलं. शैलाताई त्याच संध्याकाळी साहेबांकडे मुदत मागायला आंबोलीला गेल्या आणि तिथंच राहिल्या.

शनिवारी मी दुकानात आले तर पलीकडचं शटर बंद. अण्णांचं शटर मी कधी बंद बघितलं नव्हतं.  अण्णांना काही झालं असेल का? शैलाताईंना कळवायचं कसं? आणि दुकानातला एकुलता एक फोन त्या शटरच्या आत.

समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. किराणा दुकानाचा नंबर फिरवला. काहीच नाही. परत फिरवला. बूथवाला म्हणाला, ताई, लोक थांबल्यात. मी त्यांना हात जोडले आणि परत फिरवला. दुपारपर्यंत बूथ आणि दुकान, दुकान आणि बूथ अशा फेऱ्या घातल्या. भीतीनं मला भूकसुद्धा लागली नाही.

शेवटी रिंग वाजली. वाजत राहिली. मी मनातल्या मनात अंबाबाईला नारळ कबूल केला. दुसरा कबूल करणार तोच खट्कन फोन उचलला गेला. पलीकडे पत्र्यावर धो धो पाऊस.

"हॅलो? हॅलो, धाकलूमामांना जरा बोलावता का? अर्जंट आहे, मी कोल्हापुरातून..."

"तंगी, वरडू नगं. मी हाय."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "अण्णा? तुम्ही तिकडे?"

"पहाटंच्या गाडीनं आलो. रस्त्यावर झाड पडलतं, धाकलू अडकून बसलाता. झाड काढल्यावर मीच टेम्पो बगितला. दिवं समदं भरलं, टेम्पो मगाशीच सुटला, थेट साह्यबाच्या दारात."

"अण्णा," मी म्हणाले आणि नाक ओढलं.

"रडतीस कशाला? पावसाची काळजी करू नगं. येताना आपल्या दुकानातला गठ्ठाच आणलाता. एकेक दिवा दोन-दोन पिशव्यांत घालून गाठ मारलीया."